'आता तशी इंजिने बनत नाहीत': रायडिंग मोवर आणि साक्षीदारांची पारख

#थ्रेड #यंत्रांचा_इतिहास

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात एखाद्या घरामागच्या शेडमध्ये साठ वर्षांपूर्वीचा रायडिंग लॉनमोवर, म्हणजे वर बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र, आजही सुरू होतो. मालक त्यावर कौतुकाने हात फिरवतो आणि म्हणतो, 'आता तशी इंजिने बनत नाहीत.' हेच वाक्य महाराष्ट्रात विहिरीवरच्या डिझेल इंजिनाबद्दल, आजीच्या शिवणयंत्राबद्दल, वडिलांच्या स्कूटरबद्दल ऐकू येते. ते प्रेमाने उच्चारलेले असते तोवर त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. परंतु तेच वाक्य विधान म्हणून मांडले गेले की पुरावा मागावा लागतो, आणि पुरावा मागू लागले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित असलेल्या साऱ्या अडचणी एकेक करून समोर उभ्या राहतात.

या थ्रेडचे म्हणणे थोडक्यात असे: छोट्या इंजिनाच्या विश्वासार्हतेविषयी जे बोलले जाते, त्यातील बराच भाग चुकीच्या साक्षीदारांच्या तोंडून आलेला आहे. बॉनेटवरचे नाव, स्टिकरवरची अश्वशक्ती आणि शेडमध्ये टिकून राहिलेले जुने यंत्र हे तिघेही मोठ्या आवाजात बोलतात. ज्यांची साक्ष खरोखर उपयोगी आहे ते मात्र गप्प असतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. गवत कापण्याच्या यंत्राचा जन्म बागेत झाला नाही, तो कापडगिरण्यांच्या परिसरात झाला. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यातील स्ट्राउड हे लोकरी कापडाचे गाव. तेथील एडविन बडिंग या कारागिराने कापडावरची लव एकसारखी कातरणारे यंत्र पाहिले आणि तीच युक्ती गवतावर चालवली. त्याचे पेटंट १८३० सालचे. पेट्रोल इंजिन त्यावर बसायला पुढे सत्तर वर्षे लागली. १९०२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने तसा मोवर विकायला काढला. त्या काळी तो मोठ्या इस्टेटींचा आणि क्रीडांगणांचा मामला होता. सामान्य घराशी त्याचा संबंध नव्हता.

सामान्य घराच्या अंगणात इंजिन आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेत. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन उभे राहिले. काही वर्षांत सतरा हजारांहून अधिक घरे, प्रत्येकाच्या पुढे-मागे हिरवळ, आणि ती हिरवळ नीट राखण्याचे बंधन. (या घरांच्या करारांत कृष्णवर्णीयांना मज्जाव करणारी कलमे होती. अमेरिकी हिरवळीचा इतिहास ती कलमे वगळून लिहिता येत नाही. तो स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे.) लेव्हिटटाउनच्या चिमुकल्या अंगणाला हाताने ढकलायचा मोवर पुरेसा होता. पण पुढच्या दोन दशकांत उपनगरे लांब सरकत गेली, प्लॉट अर्ध्या एकराचे, एकराचे झाले, आणि दर आठवड्याला तेवढे गवत चालत कापणे नकोसे झाले. तेथून बसून चालवायच्या मोवरचे दिवस आले.

या यंत्रांची इंजिने बनवणारी नावे मोजकीच होती, आणि त्यांपैकी एकानेही मोवर डोळ्यांपुढे ठेवून धंदा सुरू केला नव्हता. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही मिलवॉकीची कंपनी १९०८ ची. स्टीफन ब्रिग्ज अभियंता, हॅरॉल्ड स्ट्रॅटन धान्याचा व्यापारी. मोटारी बनवण्याचा बेत फसला, मग मोटारींचे स्विच आणि कुलपे, आणि १९१९ मध्ये सायकलला जोडायच्या एका इंजिनचाकाचे हक्क विकत घेतले तेव्हा कुठे छोट्या इंजिनांची वाट सापडली. कोहलर १८७३ ची, विस्कॉन्सिनची. जगाला ती ओळखीची आहे ती बाथटब आणि नळांमुळे. टेकम्सेह मिशिगनची, रेफ्रिजरेटरचे कॉम्प्रेसर बनवणारी. पन्नाशीच्या दशकात तिने लॉसन ही इंजिन कंपनी विकत घेतली. न्हाणीघर, शीतकपाट आणि कुलपे यांच्या कारखान्यांतून अमेरिकेची हिरवळ कापली गेली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आता मूळ वाक्याकडे. 'आता तशी इंजिने बनत नाहीत' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सामान्यतः एक विशिष्ट यंत्र असते: १९६१ चे इंटरनॅशनल हार्वेस्टरचे कब कॅडेट, किंवा १९६३ चे जॉन डिअरचे ११०, किंवा साउथ बेंडच्या व्हील हॉर्सचे एखादे लालभडक मॉडेल. पहिल्या दोहोंत कोहलरचे एकसिलिंडरी, सात अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि त्याचा सिलिंडर बिडाचा होता. ही यंत्रे खरोखर दणकट होती, हे नाकारण्याचे कारण नाही.

पण ही यंत्रे त्या काळातील 'रायडिंग मोवर' या जातीची सरासरी नव्हती. त्यांना गार्डन ट्रॅक्टर म्हणत, आणि बनवणाऱ्या दोन कंपन्या मुळात शेतीच्या अवजारांच्या. विकणारा दुकानदार शेतीचे ट्रॅक्टर विकणारा, दुरुस्त करणाराही तोच. त्याच काळात डिपार्टमेंट स्टोअरमध्ये पत्र्याच्या हलक्या चौकटीचे, ॲल्युमिनियमच्या इंजिनाचे स्वस्त रायडिंग मोवरही विकले जात. त्यांतले बहुतेक केव्हाच भंगारात गेले. भंगारात गेलेले यंत्र कोणाच्या शेडमध्ये दिसत नाही, त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही, त्याच्याविषयी आठवण सांगणारा नातू नसतो.

पुण्यात शनिवारवाडा पाहायला येणाऱ्याला पेशव्यांचे घर म्हणजे दगडी तट, बुलंद दरवाजा आणि मोकळी जोती, असा समज होणे सहज शक्य आहे. कारण १८२८ च्या आगीत लाकूडकाम जळून गेले आणि दगड राहिला. जे उरले त्यावरून जे होते त्याचे चित्र रंगवायचे, तर आधी आगीचा हिशेब मांडावा लागतो. जुन्या मोवरच्या बाबतीत आगीचे काम भंगारवाल्याने केले आहे, एवढाच फरक.

या चुकीला संख्याशास्त्रात प्रसिद्धी मिळाली ती अब्राहम वाल्डमुळे. दुसऱ्या महायुद्धात कोलंबिया विद्यापीठातील संशोधनगटात काम करताना, परतलेल्या विमानांवरील गोळ्यांच्या खुणांवरून न परतलेल्या विमानांविषयी काय अनुमान काढता येते, यावर त्याने टिपणे लिहिली. (लाल ठिपक्यांचे विमानाचे जे चित्र सर्वत्र फिरते ते वाल्डचे नाही, ते या शतकात तयार झाले. इतिहासाच्या थ्रेडमध्ये एवढे तरी सांगितलेच पाहिजे.) जुने इंजिन हे परतलेले विमान आहे. त्याच्यावरून त्या तुकडीची ताकद मोजता येत नाही.

मग जुन्या काळाविषयी बोलणारा भरवशाचा कागद कोणता? जाहिरात नव्हे. आठवणही नव्हे. तो कागद यंत्रासोबतच येत असे आणि कोणी वाचत नसे: मालकासाठीचे मॅन्युअल. कंपनी जाहिरातीत काहीही म्हणो, मॅन्युअलमध्ये तिला खरे बोलावे लागते, कारण तेथे खोटे बोलले तर वॉरंटीचा खर्च तिच्याच अंगावर येतो.

साठीच्या दशकातील अशा मॅन्युअलांत काय दिसते? दर पंचवीस तासांनी ऑइल बदला. काही शे तासांनी हेड उघडून आतला कार्बन खरवडा. त्या काळच्या शिसेयुक्त पेट्रोलमुळे हे काम अधिकच लवकर करावे लागे. इग्निशनचे पॉइंट तपासा, त्यांतील फट फीलर गेजने लावा, झिजले तर बदला. व्हॉल्व्ह घासून बसवा. आजच्या घरगुती इंजिनाचे मॅन्युअल ऑइलसाठी पन्नास, कित्येकदा शंभर तास सांगते. पॉइंट तर उरलेच नाहीत. ब्रिग्जने १९८२ मध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणले आणि वसंत ऋतूतल्या पहिल्या शनिवारी मोवर सुरू न होण्याचे एक जुने कारण इतिहासजमा झाले.

म्हणजे जे इंजिन 'कधी बंद पडत नसे' असे सांगितले जाते, त्याच्याकडे कोणीतरी सतत लक्ष देत होते. ते काम करणारा मालक बहुधा शेतकरी कुटुंबातून शहराकडे आलेला, हातात पाना धरायची सवय असलेला, आणि शेड हीच त्याची रविवारची जागा. त्याचे श्रम स्मृतीतून गळून पडले. श्रेय बिडाला मिळाले.

येथे दोन गुणांची गल्लत होते, आणि या विषयातील निम्मे वाद त्या गल्लतीवर चालतात. विश्वासार्हता म्हणजे हात न लावता चालत राहणे. दुरुस्तीयोग्यता म्हणजे बिघडल्यावर पुन्हा उभे राहणे. जुन्या बिडाच्या इंजिनाचा खरा गुण दुसरा होता. सिलिंडर झिजला तर तो बोअर करून घेता येई आणि किंचित मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येई. तीन वेळा तरी असे करण्याची सोय पुरवलेल्या मापांतच होती. क्रँकशाफ्ट घासून घेता येई. असे इंजिन चार वेळा बिघडून साठ वर्षे जगते, आणि नातवाच्या दृष्टीने ते 'साठ वर्षे चालले' असे होते.

याउलट आजचे बरेचसे स्वस्त इंजिन कित्येक वर्षे विनातक्रार चालते आणि मग एके दिवशी संपते. त्याचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर पुन्हा बोअर करण्याच्या हिशेबाने ओतलेला नसतो, काही भाग प्लास्टिकचे असतात, आणि दुकानदार सांगतो की कामाच्या मजुरीत नवे इंजिन येईल. याविषयी राग येणे योग्यच आहे. फक्त तो राग योग्य नावाने व्यक्त व्हावा: हे यंत्र अविश्वसनीय नाही, ते दुरुस्तीसाठी बनवलेलेच नाही. पहिल्या आरोपातून कंपनी सहज सुटते. दुसऱ्यातून तिला सुटता येऊ नये.

ॲल्युमिनियमचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. 'पूर्वी बीड होते, आता ॲल्युमिनियम आले' हा कालक्रमही ढोबळ आहे. ब्रिग्जने ओतीव ॲल्युमिनियमचे हलके इंजिन १९५३ मध्येच बाजारात आणले. म्हणजे ज्या सुवर्णयुगाची आठवण काढली जाते, त्या युगातील अगणित मोवर ॲल्युमिनियमवरच चालत होते. बीड हा काळाचा गुण नव्हता, किमतीचा होता.

आतील रचनेत मात्र खरा बदल झाला आहे, आणि तो बव्हंशी चांगल्याकडे झाला आहे. जुन्या एल-हेड इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, त्याच ओतीव ठोकळ्यात असत. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता सिलिंडरच्या एकाच बाजूला साचे, तो किंचित वाकडा होई, आणि इंजिन ऑइल खाऊ लागे. ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या रचनेत ही उष्णता हेडमध्ये राहते. होंडाची जीएक्स मालिका १९८३ ची. त्यानंतर कावासाकी आणि कोहलरही या रचनेकडे वळले, आणि १९९७ पासून अमेरिकी पर्यावरण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे, छोट्या इंजिनांवरील उत्सर्जनाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेल्यावर एल-हेडला रायडिंग मोवरमध्ये जागाच उरली नाही. प्रदूषणाच्या नियमांनी इंजिने नाजूक झाली, हा लोकप्रिय समज आहे. निदान या एका बाबतीत नियमांनी अधिक टिकाऊ रचनेला पुढे ढकलले.

दुसरा बदल ऑइलचा. साध्या इंजिनात कनेक्टिंग रॉडला किंवा गिअरला लावलेली छोटी पळी तळातले ऑइल उडवते आणि ते सर्वत्र शिंपडले जाते. पंप नाही, फिल्टर नाही. सपाट अंगणात हे चालते. उतारावर ऑइल एका बाजूला गोळा होते आणि पळी कोरडी फिरते. पंपाने दाबाखाली ऑइल फिरवणारे आणि ते गाळणारे इंजिन महाग पडते, पण बेअरिंगचे आयुष्य तेथेच ठरते. रायडिंग मोवर विकत घेणाऱ्याने एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो ऑइल फिल्टर आहे का, हा विचारावा. बॉनेटवर हे कधी ठळक अक्षरांत लिहिलेले नसते.

बॉनेटवर काय लिहिलेले असते? अश्वशक्ती. आणि येथे थेट न्यायालयाची कागदपत्रे उपलब्ध आहेत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे भाग्य.

२००४ मध्ये इलिनॉय राज्यात ग्राहकांनी मोवर आणि इंजिन बनवणाऱ्या बड्या कंपन्यांवर सामूहिक दावा दाखल केला. आरोप असा, की स्टिकरवरील अश्वशक्ती यंत्राला प्रत्यक्षात मिळणाऱ्या शक्तीपेक्षा फुगवलेली आहे, आणि एकाच इंजिनावर वेगवेगळे आकडे चिकटवून ते वेगवेगळ्या किमतींना विकले जाते. पुढे देशभरातील असे दावे मिलवॉकीच्या संघीय न्यायालयात एकत्र आले आणि २०१० मध्ये तडजोडींना अंतिम मान्यता मिळाली: ढकलायच्या मोवरसाठी जास्तीत जास्त पस्तीस डॉलर, रायडिंग मोवरसाठी जास्तीत जास्त पंचाहत्तर, शिवाय वॉरंटीत वाढ. कंपन्यांनी दोष मान्य केला नाही.

वादाच्या मुळाशी मोजण्याची पद्धत होती. 'ग्रॉस' अश्वशक्ती मोजताना इंजिन प्रयोगशाळेत, एअर फिल्टर आणि सायलेन्सर यांसारख्या अडथळ्यांशिवाय चालवता येते. 'नेट' म्हणजे ते सारे जोडून. मोटारींच्या बाबतीत अमेरिकेने १९७२ च्या सुमारास ग्रॉस सोडून नेट आकडे स्वीकारले, आणि तेव्हा एका वर्षात गाड्या 'कमजोर' झाल्याचा भास अनेकांना झाला. मोवरच्या धंद्यात ग्रॉस आकडे पुढेही तीन दशके चालत राहिले. म्हणजे १९९० च्या दशकातील 'अठरा अश्वशक्ती' आणि आजचा आकडा एकाच रकान्यात लिहिणे हे शिवराई आणि आजचा रुपया एकाच बेरजेत धरण्यासारखे आहे.

वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर देण्यामागे त्यांचा जो आग्रह होता, तो येथे जसाच्या तसा लागू पडतो. स्टिकर ही बखर आहे. ती फेकून द्यायची नसते. कोणी, कोणासाठी, कोणत्या हेतूने लिहिली हे विचारून मग वापरायची असते. तिच्या शेजारी अस्सल पत्राचे काम सिलिंडरचे आकारमान करते. सीसीचा आकडा पिस्टन आणि स्ट्रोकवरून ठरतो, तो फुगवायला फारशी जागा नसते. पाचशे सीसीचे एकसिलिंडरी आणि सातशे सीसीचे दोनसिलिंडरी यांची तुलना अर्थपूर्ण होते. अश्वशक्तींची होत नाही.

आणखी एक कागद इंजिनावरच चिकटवलेला असतो आणि त्याचे वाचन सर्वांत चुकीचे होते. ईपीएच्या नियमांनुसार इंजिनावर उत्सर्जन-अनुपालनाचा काळ लिहावा लागतो. रायडिंग मोवरच्या, म्हणजे २२५ सीसी आणि त्यावरील इंजिनांसाठी २५०, ५०० आणि १००० तास असे टप्पे आहेत; क, ब आणि अ वर्गांनीही ते दाखवले जातात. पुष्कळ लोक हा आकडा इंजिनाचे आयुष्य समजतात. तो तसा नाही. तेवढे तास चालल्यावरही धूर कायदेशीर मर्यादेत राहील, एवढेच कंपनीने शपथेवर सांगितलेले आहे. तरीही हा कागद निरुपयोगी मानू नये. जी कंपनी एका इंजिनासाठी १००० तास लिहिते आणि दुसऱ्यासाठी २५०, ती स्वतःच्या दोन मालांत काय फरक समजते, हे तिने नकळत सांगून टाकलेले असते. हेतूबाहेरची साक्ष, म्हणून मोलाची.

नावांची साक्ष तर त्याहून फसवी. सिअर्सच्या दुकानांत विकले जाणारे क्राफ्ट्समन मोवर सिअर्सने बनवलेले नसत. चौकट एकाची, इंजिन दुसऱ्याचे, नाव तिसऱ्याचे. कब कॅडेट हे नाव इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९८१ मध्ये एमटीडी कंपनीला विकले, व्हील हॉर्स १९८६ मध्ये टोरोकडे गेले. पिवळा रंग तोच, अक्षरेही ओळखीची, पण 'कब कॅडेट टिकाऊ की नाही' या प्रश्नाला साल विचारल्याशिवाय अर्थ नाही. घराण्याचे नाव चालू राहिले म्हणून वंश तोच राहिला असे मानणे राजघराण्यांच्या इतिहासातही महाग पडते.

आणि इंजिनावर ठेवले जाणारे बरेच दोष इंजिनाचे नसतातच. रायडिंग मोवरच्या बैठकीखाली एक स्विच असतो. चालक उठला की इंजिन बंद व्हावे म्हणून. तो स्विच गंजला की इंजिन मध्येच बंद पडते, आणि मालक शेजाऱ्याला सांगतो, 'इंजिन खराब निघाले.' बॅटरी, सोलेनॉइड, पट्टे, पात्यांच्या बेअरिंगा यांचेही तसेच. ग्राहकसंस्थांची सर्वेक्षणे सहसा पूर्ण यंत्राच्या बिघाडाविषयी विचारतात. त्यांतून इंजिनाविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे गाव उजाड झाले म्हणून पाटलाला दोष देणे. कधी तो असतोही, पण आधी दुष्काळाची चौकशी व्हायला हवी.

पेट्रोलची चौकशीही तशीच राहून जाते. २००५ नंतर अमेरिकेत पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळणे सर्रास झाले. इथेनॉल हवेतील ओल शोषते, आणि हिवाळाभर टाकीत पडलेले असे पेट्रोल कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवते. वर्षातून पाच महिने झोपणाऱ्या यंत्राला हे फार बाधते. पंधरा टक्क्यांचे मिश्रण तर छोट्या इंजिनांत वापरायला ईपीएचीच मनाई आहे. 'नवी इंजिने सुरूच होत नाहीत' या तक्रारीतील एक वाटा इंजिनाच्या नव्हे, इंधनाच्या इतिहासात मोडतो.

मग एखाद्या विशिष्ट यंत्राची पारख कशी करावी? येथे बाह्य पुरावा आणि अंतर्गत पुरावा हा जुना भेद कामी येतो. तासमापक मीटर हा बाह्य पुरावा. तो बदलला गेलेला असू शकतो, जुन्या यंत्रांत तो नसतोच. वर्षाला सुमारे चाळीस तास धरले तर दहा वर्षांच्या घरगुती मोवरवर चारशेच्या आसपास आकडा दिसायला हवा. दीडशे दिसत असतील आणि पायाखालचे रबर गुळगुळीत झाले असेल, बैठक फाटलेली असेल, स्टिअरिंग ढिले असेल, तर मीटरवर नव्हे, रबरावर विश्वास ठेवावा. रबराला खोटे बोलण्यात काही लाभ नसतो.

विक्रेत्याने इंजिन आधीच सुरू करून गरम ठेवले असेल तर ती पढवलेली साक्ष समजावी. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर काढते का, ते पाहावे. डिपस्टिकवरील ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटरची सुई गळते आहे आणि पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन किती काळ फिरले ते सांगता येणार नाही. वरचे झाकण काढून सिलिंडरच्या पंख्यांमध्ये पाहावे: तेथे वाळक्या गवताचा थर किंवा उंदराचे घरटे असेल, तर इंजिन तापून चालले आहे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा सर्वांत मोठा शत्रू हाच, आणि तो बाहेरून दिसत नाही.

एक तपशील खास इतिहासप्रेमींसाठी. अनेक मेकॅनिक कॉम्प्रेशन मोजतात आणि आकडा कमी आला की रिंगा गेल्या असे सांगतात. परंतु बहुतेक रायडिंग मोवरच्या इंजिनांत सुरू करताना दाब मुद्दाम कमी करणारी योजना कॅमशाफ्टवरच असते, जेणेकरून स्टार्टरला जोर पडू नये. त्यामुळे निरोगी इंजिनही कमी आकडा दाखवते. त्याऐवजी सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून ती कोठून निसटते हे तपासणारी लीक-डाउन चाचणी करावी लागते. साधन अचूक असूनही प्रश्न चुकीचा असला की उत्तर चुकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दफ्तरखान्यातही क्वचित सापडेल.

हा सारा खटाटोप आता करण्याचे कारण असे, की छोटे पेट्रोल इंजिन झपाट्याने इतिहासाच्या हद्दीत चालले आहे. टेकम्सेहच्या इंजिनांचे उत्पादन २००८ च्या अखेरीस थांबले. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ती नव्या मालकाकडे गेली. कॅलिफोर्नियाच्या नियमांप्रमाणे २०२४ पासून अशा बहुतेक नव्या यंत्रांत शून्य-उत्सर्जनाची सक्ती आली. पुढच्या पन्नास वर्षांनी कोणी या इंजिनांचा इतिहास लिहू लागेल, तेव्हा त्याच्यापुढे काय असेल? रंगवून चकचकीत केलेले, प्रदर्शनात मांडलेले गार्डन ट्रॅक्टर, संग्राहकांच्या आठवणी, आणि अश्वशक्तीच्या जाहिराती. तिन्ही साक्षीदार एकाच बाजूचे.

विरुद्ध बाजूचा साक्षीदार अजून जिवंत आहे, पण त्याच्याकडे कोणी जात नाही. गावोगावच्या मोवर दुरुस्तीच्या दुकानांतील जॉब कार्डे: तारीख, मॉडेल, मीटरवरील तास, काय बिघडले, कोणता भाग घातला, आणि सर्वांत महत्त्वाचे, 'दुरुस्त करण्यासारखे नाही' असा शेरा मारून परत पाठवलेली यंत्रे. भंगारात गेलेल्या इंजिनाची शेवटची नोंद बहुधा तेवढीच असते. दुकान बंद झाले की अशा खोक्यांची वाट कचऱ्याकडेच जाते. संग्रहालये शेवटचे निघालेले इंजिन आनंदाने मागून घेतील. त्यांनी त्याआधी ही खोकी मागावीत, आणि अमेरिकेत शिकणाऱ्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याला स्थानिक इतिहासाच्या प्रबंधासाठी विषय हवा असेल, तर कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मालक निवृत्त होण्याआधी त्याच्याशी बोलावे. नोंदी कार्बन कागदावरच्या असतात. शाई दरवर्षी फिकट होते.